सिस्टरचे मिस्टर

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,

धाकट्याचा ताठ मानेने नमस्कार. साष्टांग घालणं सध्या बंद केलं आहे, कारण पुढे येईलच. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भावोजींच्या बेकरीत नवी भट्टी पेटली हे वाचून बरं वाटलं. इकडे माझ्याही डोक्यात एक पेटली आहे. आमच्या छापखान्यात एका जाडजूड जुन्या रशियन कादंबरीचं भाषांतर छपाईला आलंय आणि मालकांनी तिची प्रुफं तपासायला मला दिली आहेत. भाषांतर करणाऱ्या बाई वयस्कर आहेत, जमेल तसा एकेक गठ्ठा पाठवतात, त्यामुळे पुढे काय होणार ते मलाही ठाऊक नाही. आजवर मी तपासलं काय, तर औषधांची पत्रकं, गाड्यांची वेळापत्रकं आणि शाळेचे भूगोल. वीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करत बसलो. माणूस असा प्रथमच हाती आला.

कादंबरीचा नायक घोडदळातला कॅप्टन आहे. ताई, काय पुरुष आहे! सहा फूट उंची, गालावर तलवारीचा व्रण, बोलणं मोजकं. रडणं तर त्याच्या कुंडलीतच नाही. आईला पुरत असताना हा घोड्याचा नाल तपासत उभा. एका नाचाच्या मेळाव्यात शेजारचा जमीनदार त्याला हसला, तर कॅप्टनने पहाटे त्याला माळावर बोलावून गोळी घातली आणि घरी येऊन अंडी खाल्ली. दोन. उकडलेली. जिच्यावर जीव जडलाय त्या मास्तरांच्या मुलीला तो ते सांगतही नाही. पुरुषाने मनातलं बोललं की तो तेवढा कमी होतो, असं त्याचं म्हणणं. हे मी वहीत उतरवून घेतलंय.

मग मी स्वतःकडे पाहिलं. वय बेचाळीस. उंची पाच फूट तीन. सकाळी उठून बायकोच्या पांढऱ्या युनिफॉर्मला इस्त्री करतो, टोपीला खळ देतो, ड्यूटीवरून आली की पाय शेकायला गरम पाणी ठेवतो. ती आता तिच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर झाली. त्याबद्दल हॉस्पिटलात चहापान होतं. तिथे हाडांच्या डॉक्टरांनी माझ्याबद्दल चारचौघांत काहीतरी म्हटलं. काय ते लिहीत नाही, पुरुषाने लिहू नये. पण विसरलेलो नाही.

तर इस्त्री बंद. खळ बंद. पाणी बंद. मिशी सुरू.

लोभ असेल तर असो. मागणार नाही.

तुझा धाकटा

०

ता. १२ जानेवारी

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद आणि एक टपली. वि. वि.

तुझं पत्र मी भट्टीपाशी उभी राहून वाचलं आणि आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी एवढंच विचारलं, की टिल्लूला ताप वगैरे नाही ना.

मला तुझ्या कॅप्टनबद्दल काही शंका आहेत. तो चिखलातून घोडा दामटत येतो, तर त्याचा सदरा धुतं कोण? जमीनदाराला गोळी घालून आल्याबरोबर ती दोन अंडी उकडून तयार कशी? कोंबडी काय स्वतः पातेल्यात बसली? गठ्ठा पुन्हा चाळून बघ, कुठेतरी एखादी बाई नाहीतर नोकर सापडेल. लेखकाने तिला वाक्य दिलं नसेल, पण पातेलं नक्की दिलं असेल. तुझ्या घरात ते पातेलं तू धरत होतास आणि छान धरत होतास. आता ते कोणी धरायचं, हे त्या कॅप्टनला विचारून घे.

आमचे हे सहा फूट आहेत आणि वजनाचं मी लिहीत नाही. परवा पावाचा पहिला घाणा करपला तेव्हा डोळ्यांतून पाणी काढलं. मग नाक पुसलं, हात धुतले आणि दुसरा घाणा लावला. सात वाजता गिऱ्हाईकाला पाव मिळाला. ह्याला काय म्हणतात ते तुझ्या वहीत कुठे बसतं का बघ.

मिशीला पीळ द्यायला आधी मिशी लागते, बाळा. तुझ्या ओठावर सातवीत जी लव होती तीच मी तुझ्या लग्नात पाहिली. आणि डॉक्टर काय म्हणाले ते तू लिहीत नाहीस, म्हणजे ते ऐकण्यासारखं असणार. भावजयीला विचारते.

लोभ आहेच, तो तुझ्या मिशीपेक्षा तरी लवकर वाढो.

तुझी ताई

०

ता. २५ जानेवारी

ती. वन्संना,

स. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर घरातलं घरात ठेवणार होते.

चहापानाच्या दिवशी डॉक्टर कप घेऊन उभे राहिले, माझं कौतुक केलं आणि मग दाराशी माझी पर्स धरून उभ्या असलेल्या तुमच्या भावाकडे बोट करून सगळ्यांना सांगितलं, की हे आपल्या सिस्टरचे मिस्टर. सगळा वॉर्ड हसला. पाय टांगून ठेवलेला एक पेशंट होता, तोही हसला आणि कळवळला. आणि वन्सं, लपवत नाही, मीही हसले. जन्मभर मी कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची बायको म्हणून ओळखली गेले. एकदा कुणीतरी माझं म्हणून ओळखलं जातंय, ह्याचीच मला गंमत वाटली. हसत त्यांच्याकडे वळले तर चेहरा बशीसारखा कोरा.

त्या दिवसापासून अबोला. आज तीन आठवडे झाले. दूध संपलं हेसुद्धा भिंतीला सांगतात. मी विचारलं की खिडकीबाहेर दूर बघतात. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची मोरी आहे. जेवणात रोज दोन उकडलेली अंडी घेतात, आणि अंड्यांनी त्यांना किती त्रास होतो हे तुम्हाला माहीतच आहे.

इस्त्री माझी मी करते, पण बाहीला चुणी राहतेच. त्यांच्या हातची सर नाही, हे कबूल करायला माझं काही जात नाही. काल सात नंबरच्या आजोबांनी माझ्या बाहीकडे बघून हळूच विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना.

आता खरी गोष्ट. मेट्रनच्या कोर्ससाठी माझी निवड झाली आहे. सहा महिने, दुसऱ्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलात. आमच्याकडून एकच जागा आहे आणि पंधरा फेब्रुवारीच्या आत होय की नाही ते कळवायचं आहे. जो माणूस बोलत नाही त्याला विचारायचं कसं? म्हणून एकाच घरात राहून मी त्यांना पत्र लिहिलं. मला जायचं आहे, पण तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही, आणि काहीच बोलला नाहीत तर होय समजेन, असं लिहून पाकीट त्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं, म्हणजे मिळालंय. अजून उत्तर नाही.

तुम्ही मात्र त्यांना ह्यातलं काही लिहू नका, शपथ आहे. मला त्यांचं उत्तर हवंय, तुम्ही कान पिळून काढलेलं नको.

लोभ आहे म्हणूनच इतकं बोलले. तो असाच ऐकता राहावा.

तुमची भावजय

०

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार, उभ्यानेच. वि. वि.

अंड्यांबद्दल तू जे लिहिलंस ते मी मनावर घेतलेलं नाही. मोठ्या माणसाच्या गोष्टीत पातेली शोधणारे लोक असायचेच.

तिसरा गठ्ठा आला. त्यात मास्तरांची मुलगी कॅप्टनला एक लांबलचक पत्र पाठवते. कॅप्टन ते उघडतसुद्धा नाही. तसंच शेकोटीत टाकतो आणि त्याच्या आचेवर हात शेकत बसतो. मी ते पान तीनदा वाचलं. योगायोग असा, की त्याच दिवशी मला माझ्या चष्म्याच्या घरात आमच्या सौ.चं पाकीट मिळालं होतं. माझ्या मनाची तयारी होतीच. आमच्याकडे शेकोटी नाही, स्टोव्ह आहे, आणि तो पेटवायला आधी पिन मारावी लागते, त्यात सगळी शान जाते. म्हणून ते पाकीट न उघडता छापखान्यात नेलं आणि टेबलाच्या खणात शब्दकोशाखाली ठेवून दिलं. माफीच मागितली असणार. मागू दे.

छापखान्यात थोडा गोंधळ झाला, तो तुझ्या कानावर दुसरीकडून येण्याआधी मीच सांगतो. दुसऱ्या प्रकरणात कॅप्टन शत्रूसमोर छाती काढून उभा राहतो. जुळणी करणाऱ्याने तिथे छत्री जुळवली आणि मी त्या प्रसंगात इतका रंगलो होतो की माझ्या नजरेतून ती सुटली. दोन हजार प्रतींमध्ये आता कॅप्टन तोफांच्या भडिमारात छत्री काढून उभा आहे. मालक नको ते बोलले. वीस वर्षांत माझी एक मात्रा सुटली नव्हती, हेही ते विसरले. मी दूर बघत उभा राहिलो.

आता मुख्य. मी डॉक्टरांना बोलावणं धाडलं आहे. वॉर्डातल्या आयाबाईंच्या हाती चिठ्ठी दिली, की एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाशीच बोलावं असं नाजूक प्रकरण आहे, कुणाला न सांगता एकट्याने नगरपालिकेच्या बागेत, पाण्याच्या टाकीमागे, सकाळी सहाला यावं. डॉक्टर उद्यापासून बारापर्यंत रजेवर जाणार आहेत म्हणून तेरा तारीख दिली. त्यांचं उत्तरही आलं, की अवश्य येतो, मुळीच संकोच करू नये. बघ, माणूस शूर आहे. शूराशीच गाठ पडावी.

पिस्तुलं काही मिळण्यातली नाहीत. माफी मागायला लावीन, नाही मागितली तर एक थोबाडीत. उशीवर सराव चालू आहे.

लोभाचं काय ते तेराव्या तारखेनंतर, जिवंत असलो तर.

तुझा धाकटा

०

ता. ८ फेब्रुवारी

चि. गाढवास,

आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत. वि. वि.

हे पत्र मुद्दाम छापखान्याच्या पत्त्यावर टाकते आहे. तुझ्या बायकोने मला शपथ घातली आहे आणि ती मी मोडते आहे, त्याचं पाप तुझ्या मिशीच्या केसाकेसाला लागो.

शब्दकोश उचल. ते पाकीट काढ. उघड. आत्ता, उभ्या उभ्या. त्यात काय आहे ते सांगत नाही, निदान तेवढा तरी तिचा मान ठेवते. पण त्यात माफी नाही आणि त्याला पंधरा तारखेची मुदत आहे. कॅप्टनने पत्र जाळलं तर लेखक पुढच्या पानावर दुसरं लिहून देईल. तुला कोण देणार आहे?

डॉक्टरांना मारायचं असेल तर नंतर मार, ते कुठे पळून जात नाहीत.

लोभाला सध्या टाळं आहे. किल्ली त्या पाकिटात आहे.

तुझी ताई

०

ता. १७ फेब्रुवारी

ती. वन्संना,

स. न. वि. वि.

आधी सांगते की तुमचा भाऊ सुखरूप आहे. उजवं मनगट मोडलंय, प्लॅस्टर घातलंय, दीड महिना राहील. आता सावकाश वाचा.

ह्यांनी डॉक्टरांना बागेत या म्हणून चिठ्ठी धाडली होती, ती मिळाली तेव्हा त्यांची समजूत झाली, की ह्यांना पुरुषांचा काही खाजगी आजार आहे आणि माझ्या हॉस्पिटलात यायची लाज वाटते. म्हणून बिचारे कॅनव्हासचे बूट घालून, बी.पी.चं मशीन घेऊन वेळेवर हजर. ह्यांना बाकावर बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि समजावलं, की चाळिशीनंतर पुष्कळांचं असं होतं, ह्यात कमीपणा नाही. मग विचारलं, की दर वेळी होतं का. ह्यांनी बाणेदारपणे सांगितलं, की दर वेळी नाही, पण त्या दिवशी चहापानाला सगळ्यांच्या देखत झालं. डॉक्टर म्हणाले, माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी असं ऐकलं नव्हतं. हे सगळं डॉक्टरांनीच मला सांगितलं, हसता हसता डोळे पुसत. मी नर्स आहे, माझ्या लेखणीला लाज कमी, म्हणून लिहिलं.

अखेर उलगडा झाला. हे उठले, मिशीवरून बोट फिरवलं आणि माफी मागायला सांगितलं. त्यावर डॉक्टर गोंधळले. ते वाक्य त्यांना आठवतच नव्हतं. सगळ्या सिस्टरांच्या नवऱ्यांना ते तसंच म्हणतात, आमच्याकडे असे अकरा मिस्टर आहेत. वन्सं, मला वाटतं हेच ह्यांना सगळ्यात जास्त लागलं. ज्या वाराने माणूस महिनाभर लोळत होता, तो मारणाऱ्याच्या लक्षातही नाही.

ह्यांनी हात उगारला. नेमके तेव्हाच डॉक्टर मशीन उचलायला खाली वाकले. थोबाडीत हवेला बसली, हे स्वतःभोवती फिरले आणि टाकीच्या सिमेंटच्या कठड्यावर हातावर आपटले. डॉक्टरांनीच त्यांना आपल्या गाडीतून आणलं. हाड बसवताना इंजेक्शन नको म्हणाले. कॅप्टनने कधी घेतलं नव्हतं म्हणे. डॉक्टरांनी हाड ओढलं, ह्यांनी चकार शब्द काढला नाही, कारण बेशुद्ध पडले होते. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी मनापासून माफी मागितली. हे भिंतीकडे बघत होते.

तेव्हाही मी पत्राचा विषय काढला नाही. पंधरा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत वाट पाहिली. साडेपाचला सही करून फॉर्म दिला. सव्वीसला निघते.

काल ह्यांची राहिलेली प्रुफं आणायला छापखान्यात गेले. मालकांनी खण रिकामा करून दिला. त्यात शब्दकोशाखाली माझं पाकीट होतं, बंद. त्यावर तुमचं पाकीट, तेही बंद. ताईचं अक्षर दिसलं की आत चेष्टा असणार, म्हणून तेही उघडलं नसावं. एवढा धीट पुरुष, आणि दोन बायकांच्या अक्षरांना घाबरला.

छापखान्याचा पत्ता पाहूनच कळलं की तुम्ही शपथ मोडलीत, त्याबद्दल तुमच्यावर रागवायला हवं, पण जमत नाही. त्यांच्यावरही राग आला नाही. राग यायला माणूस जरा मोठा दिसावा लागतो, ते मला त्या खणाएवढे दिसत होते. दोन्ही पाकिटं त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली आणि ड्यूटीवर गेले.

लोभ ठेवाच. सध्या इथे त्याची टंचाई आहे.

तुमची भावजय

०

ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षरांवर जाऊ नकोस. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं तपासली, त्याची शिक्षा म्हण.

दोन्ही पाकिटं उघडली. आधी तुझं उघडलं. शिव्यांची सवय आहे म्हणून. मग तिचं. एकच पान होतं. तिला जायचं आहे, पण मी नको म्हटलं तर ती जाणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आणि तळाशी, की त्या दिवशी मी हसले ते तुम्हाला लागलं असेल तर मला सांगा, मी ऐकेन. एवढं पान तीन आठवडे शब्दकोशाखाली होतं. त्या कोशातला एकही शब्द मला वापरता आला नाही.

डॉक्टरांचं काही नव्हतं गं. ती हसली, ते होतं. आणि ते तिला सांगायचं म्हणजे मला लागलं असं सांगायचं, ते कसं सांगतात ते मला येत नाही. म्हणून डॉक्टर शोधला.

शेवटचा गठ्ठा आलाय आणि माझा हात असा. मूळ प्रत मोठ्याने वाचायला कुणीतरी लागतं, मग मी प्रुफात डाव्या हाताने खुणा करतो. गेले चार दिवस ड्यूटीवरून येऊन ती वाचते. माझ्यासाठी नव्हे, तिने तसं स्पष्ट सांगितलं. मालकांनी अडल्या कामाचं सांगितलं म्हणून. पेशंटचा तक्ता वाचावा तशा आवाजात वाचते, स्वल्पविरामासकट. मागचे गठ्ठेही तिने मधल्या वेळात वाचून काढले.

कॅप्टनचं शेवटी काय झालं सांगू? घोड्यावरून पडून पाय मोडतो. एका खाणावळीत पडून राहतो. खाणावळीची मालकीण विधवा आहे, ती त्याला चमच्याने पेज भरवते आणि तो तिला आपल्या शौर्याची गोष्ट सांगतो, जमीनदार, गोळी, सगळं. गोष्ट रंगात येते तेव्हा त्याला कळतं की ती केव्हाच झोपली आहे. संपली कादंबरी. वाचताना ही हसायला लागली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली की लेखक पहिल्यापासून त्याला हसतोय, ती अंडी दोनच का असतात हे तुम्हाला कळलं नाही का. आईला पुरत असताना नाल बघतो, त्या पानावर तर लेखक रडतोय, असंही म्हणाली.

चारशे पानं मी काना, मात्रा, वेलांटी बघत गेलो, ताई. लेखकाचा आवाज मला एकदाही ऐकू आला नाही.

मिशी काल काढली. डाव्या हाताने काढली म्हणून दोन ठिकाणी कापलं.

लोभाची किल्ली सापडली आहे, पण उशिरा. टाळं उघडशील का?

तुझा टिल्लू

०

ता. २४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद, राखून ठेवलेलेही ह्यातच घाल. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस मी कुणाचीच चेष्टा केली नाही. ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी सतरा. तू फाटकाला धरून मोठ्याने रडत होतास. माणसं येत होती, बाबा एका खुर्चीत बसून होते, चहापासून सगळं मला बघायचं होतं. मी बाहेर आले, तुझा दंड धरला आणि तुला सांगितलं, की मुलगा ना तू, पुरुषासारखा राहा, मला एकटीला आवरत नाही. तू लगेच थांबलास. इतका लगेच, की मला बरं वाटलं. नंतर पाहिलं तर तू अंगणात सायकलच्या चाकाचे आरे मोजत बसला होतास. त्या दिवसापासून मी तुला रडताना पाहिलं नाही, आणि मी ते लोकांना अभिमानाने सांगत आले.

तेव्हा त्या कॅप्टनला हसताना मला आता जरा जपून हसावं लागतं. त्याची पहिली प्रत मीच छापली, आणि छत्रीची चूक माझी आहे.

सव्वीसला तिला पोचवायला जा. तोंड कसं करायचं ह्याचा विचार करू नकोस. जसं होईल तसं होऊ दे.

लोभ कधी कमी नव्हता, नुसता खडसावत होता.

तुझी ताई

०

ता. ९ मार्च

ती. वन्संना,

स. न. वि. वि.

इथे पोचून दहा दिवस झाले. वसतिगृहाची खोली तिघींत आहे, खिडकी एक. माझ्या दोन्ही सोबतिणी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि मला काकू म्हणतात. पहिल्याच चाचणीत काकू पहिली आली, तेव्हा आता जरा बिचकून म्हणतात. साडेतीनशे खाटांचं हॉस्पिटल आहे. औषधांचा साठा, पाळ्यांचे तक्ते, आयांची भांडणं, सगळं शिकवतात. रात्री पाय दुखतात, पण मजेत आहे. हे तुम्हाला लिहायला लाज वाटत नाही, हेच मला नवीन आहे.

तुमच्या भावाने तुम्हाला बसस्टँडचं लिहिलं नसेल, म्हणून मी लिहिते.

ट्रंक त्यांनी डाव्या हाताने ओढत आणली, मला हात लावू दिला नाही. गाडीला वेळ होता. बाकावर बसलो. त्यांनी दोनदा वेळापत्रक वाचलं आणि त्यातल्या दोन चुका मला दाखवल्या. मग काही न सांगता रडायला लागले. साधंसुधं नाही हो, खांदे हलवून, आवाज काढून. मला ते थांबवता येईना. खरं सांगते, मला लाजही वाटली, मी इकडे तिकडे बघत होते. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने त्यांना पाणी दिलं आणि मला हळूच विचारलं, की घरातलं कोण गेलं. मी सांगितलं, की मी. तो बिचारा उठूनच गेला.

रडणं ओसरल्यावर त्यांनी मला एक विचारलं. ते पाकीट मी वेळेवर उघडलं असतं आणि नको जाऊ म्हटलं असतं, तर तू खरंच राहिली असतीस का? आणि मी नको म्हटलंच असतं, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. जानेवारीतला मी नक्की नको म्हणालो असतो, असं म्हणाले.

मी खोटं बोलू शकले असते. पण इतका रडलेला माणूस समोर होता, त्याला फसवावंसं वाटलं नाही. मी सांगितलं, की होय, राहिले असते, स्वयंपाक केला असता, हसून बोलले असते, आणि मरेपर्यंत तुम्हाला क्षमा केली नसती, आणि ते तुम्हाला कधी कळलंही नसतं.

मला वाटलं पुन्हा दूर बघणार. पण माझ्याचकडे बघत होते, डोळे सुजलेले, नाक लाल. कंडक्टर हाका मारायला लागला. मी चढले. त्यांनी ट्रंक माझ्या मागोमाग आत ढकलली. गाडी काही निघेना. कोणीतरी म्हातारी चढत होती, ड्रायव्हर बिडी संपवत होता. मला वाटत होतं की आता हे म्हणतील, उतर. खरंच वाटत होतं, आणि म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते मला आजही माहीत नाही. तेवढ्यात हे गाडीच्या मागे गेले आणि कंडक्टर मारतो तशी पत्र्यावर डाव्या हाताने दोनदा जोरात थाप मारली. ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनेच इशारा दिला. त्याने गाडी सोडली. कंडक्टर शिव्या देत मागून धावत येऊन चढला.

लोभाचा पत्ता बदलला आहे, पाकिटामागे लिहिला आहे. वाट चुकू देऊ नये.

तुमची भावजय